वैरागडे काकांचं फिकं नाणं

शाहपुऱ्याच्या बाजारात भाजी घेऊन झाली, की वैरागडे काका सुट्ट्या पैशांतलं नवं नाणं चिमटीत धरून उन्हात तिरकं करत उभे राहायचे. मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. भाजीवाला म्हणायचा, "बाबूजी, असली है!" काका म्हणायचे, "असली तो है भैया, उजाला कैसा फिरता है वो देख रहा हूँ." मी शेजारीण, पिशवी धरून बाजूला उभी. लाज वाटायची हो मला!

काका मूळचे नागपूरचे, सरकारी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. एकाच टांकसाळीतली कोरी नाणी वेगवेगळी का चमकतात, हे त्यांनी मला किती वेळा समजावलं असेल! ठसा आणि कोरी चकती आधी घासून लखलखीत करायची, मग एकाहून जास्त वेळा ठोकायचं, की आरशासारखं नाणं निघतं. साधं नाणं मात्र एकाच ठोक्यात. त्या दाबानं धातू कडेकडे सरकतो, अंगावर बारीक रेषा राहतात, आणि नाणं तिरकं केलं की उजेड त्या रेषांवरून गोल फिरतो. ठसा झिजला की चमक पुन्हा निराळी. माझ्या डोक्यात सगळी खिचडी. "म्हणजे चांगलं कोणतं?" मी विचारायची.

"आरशात आपलंच तोंड दिसतं, सुधाताई. मला बुवा ते फिरणारं आवडतं."

एका दिवाळीला आपल्या दोन मुलींसाठी त्यांनी चांदीची दोन नाणी मागवली. आरशासारखं थोरल्या मीनलला, साधं धाकट्या ऋताला. लक्ष्मीपूजनाला ऋता मंडीदीपहून आली आणि फुरंगटलीच. "बाबा, दीदीचं एकदम चमाचम आणि माझं असं फिकं? मला नेहमी उरलेलंच!" काका समजावू लागले, पण ठसा, चकती, रेषा ऐकून कुणाचं समाधान होतं का? पोरीचे डोळे भरून आले.

काकूंना राहवलं नाही. पूजेची उपकरणी त्यांच्याकडे दरवर्षी चिंचेनं घासतात. त्यांनी ऋताचं नाणं स्वयंपाकघरात नेलं आणि चिंच-मीठ लावून खसाखसा घासलं. "बघ, झालं की नाही दीदीसारखं?" मला तर छानच वाटलं! काकांनी ते खिडकीशी नेऊन तिरकं केलं. उजेड जागचा हलेना. त्यांचा चेहरा बघून मी चरकले.

"बाबा, खरं सांगा, माझं कमी प्रतीचं होतं ना?" ऋतानं विचारलं. आली का पंचाईत! तुझंच चांगलं होतं म्हणावं, तर काकूंनी त्याचं वाटोळं केलं असं होणार. नव्हतं म्हणावं, तर लेक दुखावणार. काका बराच वेळ नाणं उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "आता छान दिसतंय." ऋता मान खाली घालून आत गेली. नाण्याच्या बाबतीत कुणाची भीडभाड न ठेवणारा हा माणूस असं का बोलला, रागावला की घाबरला, मला काही म्हणता काही उमजेना.

यंदा काका गेले. तेराव्याचं आटोपल्यावर ऋता माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, नाण्यांबद्दल बाबा तुझ्याशी बोलायचे ना? माझं नाणं खरंच हलकं होतं का गं?"

काकू समोरच वाट्या पुसत होत्या. मी एकदा तिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले.

"सांग की तिला, सुधा," काकू म्हणाल्या. "आवडतं ते त्यांनी हिलाच दिलं होतं. माझ्यासाठी गप्प बसले ते. मला काय तेव्हाच कळलं नव्हतं?"