कुजबुजायचं नाही

लताताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तोंडात स्ट्रॉ धरून ग्लासातल्या पाण्यात बुडबुडे काढत होतो. मरणाची बातमी ऐकायची ही काही रीत नव्हे… पण ताईंना ती चालली असती. आवाजाच्या या व्यायामाची सवय मला लागली ती त्यांच्यामुळेच.

आमची ओळख ठाण्यात नौपाड्याला, आवाजाच्या दवाखान्यात झालेली. मी लग्नांतला निवेदक. घसा बसला, तेव्हा आवाज जपायचा म्हणून मी आठवडाभर नुसता कुजबुजत होतो. घरचेही माझ्याशी कुजबुजायला लागलेले, शेजाऱ्यांना वाटलं आमच्याकडे काहीतरी शिजतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुजबुजण्यानं घशाला उलट जास्त ताण पडतो. बाकावरून फाटक्या आवाजात ताई म्हणाल्या, "एवढा धिप्पाड माणूस, बोलतो चोरासारखा."

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर या निवृत्त शिक्षिकेचा आवाज धाग्याएवढा उरलेला. आम्ही दोघं बाळकुमच्या एकाच सोसायटीतले, म्हणून परतताना एकच रिक्षा. आवाजाचा व्यायाम म्हणून ताई वाटभर ओठ मिटून 'म्म्म' करायच्या. एकदा रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेऊन इंजिन तपासलं.

मग सोसायटीच्या सभेत ठराव आला, घरकामाच्या बायकांना लिफ्ट बंद. ताई विरोधात बोलायला उठल्या. अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "ताई, त्रास नको. लिहून द्या, हे वाचतील."

हे म्हणजे मी. मी शहाणा लगेच माइककडे निघालोही. ताईंनी शर्ट ओढून मला खाली बसवलं.

"मत माझं आहे. त्याला भाड्याचा आवाज नको."

सगळ्यांसमोर त्यांनी शांतपणे 'म्म्म' केलं. कुणीतरी हसलं. त्यांनी ते हसू पुरतं संपू दिलं. "मागे ऐकू येत नसेल तर खुर्च्या पुढे घ्या." खुर्च्या सरकल्या. आवाज मध्ये दोनदा फुटला, त्या थांबून पुन्हा बोलल्या… "आपला कचरा लिफ्टनं उतरतो. तो उतरवणारी बाई मात्र जिन्यानं?" ठराव पडला.

ताई गेल्या त्या हृदय थांबून. आवाज शेवटपर्यंत चालू होता, हे मी मुद्दाम सांगतो.

फोननंतर ताईंकडे भेटायला गेलो तर घरात सगळे कुजबुजत होते. अध्यक्षही. आणि मीही, सवयीनं. तेवढ्यात ताईंकडे काम करणारी मंदा लिफ्टनं आली आणि दारातूनच खणखणीत म्हणाली, "चहा कोणाकोणाला?" सगळे दचकले. मी घसा मोकळा करून मोठ्यानं म्हणालो, "मला. साखर नको."

ओट्यावर ताईंचा ग्लास होता, त्यात स्ट्रॉ. कुणीतरी तो विसळायला उचलला.

"ठेवा तिथंच," मंदा म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.