फरशीवरून बाबांना उठवलं तेव्हा

"ताऊ, मिल तो बंद हो गई. अब गाड़ी को तो बख्श दो."

सेल्समन असं म्हणाला आणि जुन्या गाड्यांच्या त्या शोरूममधले सगळे हसले. बाबा बॉनेट उघडून वाकले होते. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवलेलं, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. तीस वर्षं ते मिलच्या इंजिनखात्यात फिटर होते. यंत्राचं दुखणं ते असंच ऐकायचे.

मीही हसलो. इतरांपेक्षा जरा जास्तच. मी त्या लोकांतला आहे हे त्यांना कळावं म्हणून.

बाबांनी डोळे उघडले. सेल्समनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, "आत ठोका आहे. दबलेला. तेल जाड भरलंय यांनी. खालून बघू दे जरा." आणि ते फरशीवर आडवे व्हायला लागले.

मी त्यांचा दंड धरला. "बाबा, उठा. हे शोरूम आहे, तुमची मिल नाही."

ते उठले. गुडघे झटकले. पेचकस खिशात घातला.

मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. सांवेर रोडच्या कारखान्यांत बाबा खूप फिरले. तिथे पंचविशीची पोरं हवी होती. मग पीएफ आणि आईच्या पाटल्या मिळून ठरलं: जुनी डिझेल अँबेसेडर घ्यायची, बाबांनीच चालवायची, उज्जैन-ओंकारेश्वरची भाडी करायची. गाडी पसंत मी करायची, कारण मी ग्रॅज्युएट. आमच्या घराण्यातला पहिला. हातोदला मामांकडे राहून शिकलो. मामांनी आणि तिथल्या मास्तरांनी मला माणूस केलं, ते उपकार मी विसरणार नाही. पण शिकता शिकता मी आणखी एक गोष्ट शिकलो, जी कोणी शिकवली नव्हती. चांगले कपडे घातलेल्या माणसासमोर आपली माणसं मागे ठेवायची.

शोरूमचे मालक मराठीच. संस्थानच्या काळापासून नाव असलेलं घराणं. स्वच्छ, गोड मराठी बोलायचे. आमच्या घरातल्या हिंदीमिश्रित मराठीपुढे मला ती पुस्तकासारखी वाटली. मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, म्हणून तुमच्याशी बोलतोय. इंजिन ए-वन आहे. माझा शब्द." पावतीवर तसं लिहूनही दिलं. मला खुर्ची दिली. बाबा उभे होते. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी त्यांना 'बसा' म्हटलं नाही.

तीच गाडी घेतली. बाराव्या दिवशी सांवेरच्या अलीकडे ती बंद पडली. आत उज्जैनला निघालेलं एक कुटुंब होतं. ती माणसं भर उन्हात उतरली आणि बाबांना वाट्टेल ते बोलली. गाडी ट्रॅक्टरने ओढून आणावी लागली. मिस्त्रीने इंजिन खोललं. बेअरिंग कधीचंच गेलेलं. आवाज बाहेर येऊ नये म्हणून जाड तेल ओतलेलं. बाबा बोलले होते तेच, अगदी तेच. बाबा फडक्याने बेअरिंग पुसत बसले. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मालकांकडे परत गेलो. पुन्हा मला खुर्ची. मी पुन्हा बसलो. हेही सांगायलाच हवं.

मी ग्राहक मंचाचं नाव काढलं, चाचरत. ते हसले. "टॅक्सी आहे ना ती? धंद्याच्या गाडीचं तिथे कोण ऐकतं?" मग एक टाइप केलेला कागद पुढे केला. "इंजिन मी फुकट करून देतो. फक्त इथे सही करा."

कागदात लिहिलं होतं की चालकाच्या अज्ञानामुळे आणि चुकीच्या हाताळणीमुळे इंजिन खराब झालं, विक्रेत्याचा काही दोष नाही.

बाबा माझ्या मागे दोन हात अंतरावर उभे होते. त्यांच्यादेखत मालक म्हणाले, "त्याला काय कळतंय? मिलमधला माणूस. यंत्र बडवून चालवायची सवय. तुम्ही समजदार आहात."

बाबा मागून म्हणाले, "कर सही, बेटा. गाडी तर चालू होईल."

मी पेनाचं टोपण काढलं. कागद पुन्हा वाचला. चालकाच्या अज्ञानामुळे. त्या शोरूममध्ये त्या दिवशी इंजिन ओळखणारा एकच माणूस होता, आणि तोच आता आपल्या अज्ञानावर मुलाची सही मागत होता. पोटासाठी. त्याला मान खाली घालायला मालकांनी लावलं नव्हतं. दंड धरून मीच उठवलं होतं.

मी टोपण लावलं आणि उभा राहिलो.

"हे खोटं आहे. यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं."

"कोणाला?"

"मला. मी हसलो होतो."

"वा. हे कोण मानेल?"

"मी लिहून देतो."

"लिहा," ते म्हणाले. "तोवर गाडी दारात सडेल. आणि वडीलही."

तक्रार मी स्वतः लिहिली. वकील लागत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणाराही कायद्यात ग्राहकच असतो, हे मंचाच्या ऑफिसात विचारल्यावर कळलं. तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं की दोष माझ्या वडिलांनी ओळखला होता, गाडीखाली जाऊन बघायला मीच त्यांना अडवलं, कारण मला त्यांची लाज वाटत होती.

मंचाच्या ऑफिसातले कारकून वर्माजी, त्यांनी कागद वाचला. "भिया, ये पैरा काट दो. खुद ही मान रहे हो कि पहले से पता था. सामने वाला इसी पर पकड़ेगा."

मी परिच्छेद काढला नाही. वर्माजींचं खरं ठरलं. समोरच्या वकिलाने नेमका तोच परिच्छेद मोठ्याने वाचला. मग मला विचारलं, "तो खराबी आपको मालूम थी?"

"इन्हें मालूम थी," मी बाबांकडे हात केला. "फिटर हैं. मैंने सुना नहीं."

पुढची तारीख पडली. मग त्याच्या पुढची. गाडी दारात उभी आहे. बाबा सुदामा नगरात एका बंगल्यावर चौकीदारी करतात. परवा मालकांचा माणूस घरी येऊन गेला. तोच कागद, तीच सही, इंजिन आजही फुकट. बाबा म्हणाले, "कर रे आता. मी थकलो." आई उठून आत गेली.

मी त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. बाबा त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. नाही तर नाही. पुढच्या तारखेला मी जाणार आहे. इथे हरलो तर वर भोपाळच्या राज्य आयोगात जाईन, आणि तिथल्या कागदातही तिसरा परिच्छेद असाच राहील, माझ्या लाजेसकट. माझ्या बापाला काही कळत नाही, या वाक्याखाली माझी सही होणार नाही. बाबांनी स्वतः हात जोडले तरी होणार नाही.