दोन्ही हातमोजे सारखेच

कुंदाकाकूंचा भात करपला की त्या म्हणायच्या, "आज भाताच्या खालच्या अंगाला लागलं." मिक्सरचं झाकण फुटलं, तर मिक्सरच्या वरच्या अंगाला लागलं. त्यांच्या दुकानातली ट्यूब आठवडाभर मिचमिचत होती, तिचं निदानही 'वरचं अंग' असंच झालं. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. आम्हा अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींना त्याची सवय होती. नेमकं काय दुखतंय, काय बिघडलंय, हे काकू कुणाला म्हणून सांगायच्या नाहीत. त्याला एकच अपवाद होता, मी. तो अपवाद मी माझ्या हातानं घालवला, म्हणून हे लिहायला बसलोय.

काकू मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमागं इथं आल्या. कामाची परवानगी मिळायला कित्येक वर्षं लागली आणि ती मिळाली त्याच वर्षी काका गेले. मग त्यांनी एक छोटा गाळा घेतला. साडीला फॉल-पिको, ब्लाऊज सैल करणे, पँट आखूड करणे, असली कामं. शेजारीच बर्फाची रिंक होती आणि तिथं आमच्या भागातला एक लहानसा आइस हॉकी संघ सराव करायचा. एका संध्याकाळी त्या संघाचं सामान सांभाळणारा रॉब फाटका हातमोजा घेऊन धावत आला. संघाची बस तासाभरात सामन्याला निघणार होती. काकूंनी मशीनला जाड सुई लावली आणि मोज्याच्या तळव्याचं चामडं वीस मिनिटांत बदलून दिलं. दुसऱ्या दिवशी रॉब अकरा हातमोजे घेऊन हजर. काकू मला म्हणाल्या, "ब्लाऊजपेक्षा सोपं आहे, बाप्पा. हे लोक गळा मोठा काहून केला म्हणून भांडत नाहीत."

हळूहळू त्या संघाच्याच झाल्या. सामने गावाच्या दुसऱ्या टोकाला असायचे आणि काकूंना हायवेवर ड्राइव्ह करायची धास्ती. मला हॉकीचं वेड, त्यामुळे त्यांना नेणं-आणणं मी आनंदानं अंगावर घेतलं. मागच्या दारानं आत जायला मिळायचं, अजून काय हवं? तिथं त्यांचा चेहराच वेगळा असायचा. एकदा म्हणाल्या, "घरी मी कुणाची आई, मंडळात कुणाची काकू. इथं हे पोट्टे मला कुंदा म्हणतात रे. कुंदा म्हणून हाक मारणारं माझं आता दुसरं कुणी राहिलं नाही."

वरचं अंग, खालचं अंग ही भाषा त्यांनी तिथंच उचलली. प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरचे बाद फेरीचे सामने, सुरू झाले की एखाद्या खेळाडूला नक्की काय झालंय ते संघ सांगतच नाही. खांदा असो, बोट असो, डोकं असो, जाहीर होतं ते फक्त 'अपर बॉडी'. गुडघा, घोटा, काहीही असलं तर 'लोअर बॉडी'. मला ही आधी लपवाछपवी वाटायची. डॉक्टरला माहीत, कोचला माहीत, मग लोकांना सांगायला काय जातं? काकूंनी मशीन थांबवून मला समजावलं होतं. "अरे, तेच दोन संघ पाठोपाठ पाच-सात सामने खेळतात न? आज याचं मनगट दुखतं हे कळलं, तर परवा समोरचा काठी कुठं घालेल? जिथं दुखतं तिथं हात ठेवू नये, मंदार. मारणाऱ्याला नेम सापडतो."

त्यांचं कसब यातच होतं. दुखऱ्या हाताच्या मोज्यात त्या जादा फोम शिवायच्या आणि तेवढाच फोम धडधाकट हाताच्या मोज्यातही शिवायच्या. टाका तोच, धागा तोच. बाहेरून बघणाऱ्याला कळता कामा नये. "दोन्ही सारखेच," असं म्हणून त्या मोजे रॉबच्या हातात द्यायच्या.

संघाच्या कप्तानाचे पुढचे चार दात पडलेले होते, म्हणून काकू त्याला बोळक्या म्हणायच्या. त्याला वाटायचं, मराठीत कॅप्टनला बोळक्या म्हणत असावेत. त्याच्यासाठी त्या डबाभर शिरा न्यायच्या, आणि तो सहा फुटी माणूस कोपऱ्यात बसून बोटानं डबा पुसून खायचा. हे त्याचं खेळायचं शेवटचं वर्ष होतं, वय झालं होतं. काकूंचा जीव त्याच्यावर होता.

माझ्यावरही होता. परत येताना गाडीत माझ्या पोरीची चौकशी झाली की त्या मला खरं खरं सांगायच्या. "डावा गुडघा आतल्या बाजूनं ठणकतो रे, जिना उतरताना जास्त." पोटच्या मुलीला, दूर फ्रिस्कोला राहणाऱ्या प्राचीलाही हे ठाऊक नव्हतं. तिला फोनवर 'खालचं अंग' एवढंच मिळायचं. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा, हे कबूल करतो.

त्या वर्षी आमचा संघ अंतिम फेरीच्या दारात होता. एका सामन्यानंतर बोळक्या हात धरून आत गेला आणि संघानं जाहीर केलं, अपर बॉडी. दोन दिवसांनी मोजे पोचवायला काकूंना सामन्याच्या जागी सोडताना पिशवी कलंडली आणि त्याचे मोजे माझ्या मांडीवर पडले. बाहेरून दोन्ही सारखेच. पण मी हात आत घातला. डाव्या मोज्यात अंगठ्याभोवती फोम कापून पोकळी ठेवली होती, दाब पडू नये म्हणून.

"डावा अंगठा?" मी विचारलं.

काकूंनी मोजे परत पिशवीत भरले. मग म्हणाल्या, "तू काही पाहिलं नाहीस."

"छे, काकू. माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे न. म्हणून तर पिशवी तुझ्याजवळ देते."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझी आई लहानपणापासून म्हणत आलीय. त्याच संध्याकाळी आमच्या मराठी ग्रुपवर सचिननं लिहिलं, "कप्तानाचा खांदा गेला, आता सिरीज संपली." मी लिहिलं, "काहीही." तो म्हणाला, "मंदार, तुला हॉकीतलं काय कळतं यार?" झालं. मी टाइप केलं, "खांदा नाही, डावा अंगठा. आतली खबर आहे." मनात म्हटलं, मराठीत तर लिहितोय, इथं कोण वाचणार? मराठी म्हणजे जणू आपली कडीकुलूप लावलेली खोली, असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं. दुकानात शेजारच्या माणसाबद्दल आपण त्याच्यासमोरच मोठ्यानं बोलतो, तसं. सचिननं तो मेसेज ऑफिसातल्या एका मित्राला पाठवला. तो समोरच्या संघाचा चाहता निघाला. फोननं भाषांतर करायला दोन सेकंद घेतले. सकाळी त्या संघाच्या चाहत्यांच्या पेजवर माझंच वाक्य इंग्रजीत होतं, 'आतली खबर'सकट.

मला ते दिसलं तेव्हा सामन्याला दिवसभराचा अवकाश होता. काकूंना फोन करता आला असता. त्यांनी रॉबला सांगितलं असतं, कोचनं बोळक्याला बाहेर बसवलं असतं. मी फोन केला नाही. कुणी वाचलं नसेल, अशी स्वतःची समजूत घातली. या गोष्टीत मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटते ती इथं.

पहिल्या मिनिटापासून समोरच्यांच्या काठ्या बोळक्याच्या डाव्या हातावरच येत होत्या. शेवटच्या टप्प्यात एक अशी बसली की बोळक्यानं मोजा झटकून टाकला आणि तो गुडघ्यांवर बसला. अंगठा मोडला. तो पुन्हा खेळला नाही, आणि संघही तिथंच संपला. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी बर्फाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझी मान आपोआप खाली गेली होती, त्यांना आणखी काय हवं होतं?

चौकशी झाली. अंगठ्याचं माहीत असणारी माणसं मोजून पाच. काकूंनी मॅनेजरला सांगितलं, "माझ्या पिशवीतून गेलं. चूक माझी." माझं नाव घेतलं नाही. त्यांचं काम त्याच दिवशी थांबलं. हे मला रॉबनं सांगितलं, आणि म्हणाला, "कुंदा कुणाला तरी वाचवतेय."

तीन आठवड्यांनी मी धीर करून दुकानात गेलो. त्या एका ब्लाऊजची शिवण उसवत होत्या. मी म्हणालो, "काकू, ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे."

"मी रॉबला जाऊन सांगतो."

"काहून? तुला हलकं वाटावं म्हणून? बोळक्याचा अंगठा जुळणार आहे का त्यानं?" आवाज चढला नव्हता. मग त्यांनी माझ्यापुढं डबा सरकवला. शिरा होता. "खा. सवयीनं जास्तीचा झाला."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो शिरा मी कसाबसा गिळला.

वर्षभरात त्यांनी गाळा सोडला आणि प्राचीकडे फ्रिस्कोला राहायला गेल्या. विमानतळावर मीच सोडलं. मागच्या महिन्यात प्राचीनं सांगितलं की आईचं ऑपरेशन झालं. मी लगेच फोन लावला.

"काकू, काय झालं?"

"काही नाही रे, खालचं अंग."

"डावा गुडघा ना? आतल्या बाजूचा?"

नेहमीच्याच मायेनं त्या म्हणाल्या, "खालचं अंग, बाप्पा. तुझी पोरगी कशी आहे?"

पोरगी बरी आहे, असं मी सांगितलं.