वर्लन कोणाच्या बाजूने ओरडणार?

आमच्या मिसिसिपीतल्या गावात वर्लन स्टबलफील्ड गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. स्वतः कॉलेजची पायरी कधी चढला नाही, पण इथल्या कॉलेजची फुटबॉल टीम म्हणजे त्याचा जीव की प्राण. चेंडू काखेत मारून धावायचं आणि अंगावर अंग आदळायचं, तो आमचा फुटबॉल. शनिवारी वर्लन आणि मी स्टेडियममध्ये शेजारी बसतो आणि बहुतेक वेळा तोंड पाडून घरी येतो.

गेल्या हिवाळ्यात जुन्या कोचला नारळ दिला आणि टेक्सासहून रेडिक नावाचा नवा आणला. वर्लनला एकदम उभारी आली. दुकानात येईल त्याला सांगायचा, "हा माणूस वेगळाय."

"मागचाही वेगळाच होता," त्याची बायको नदीन म्हणायची.

"तो बोलघेवडा होता गं."

"आणि त्याच्या आधीचा?"

वर्लन पाना शोधायला लागायचा.

मग कळलं, रेडिकला पळणारा क्वार्टरबॅक हवाय. चेंडू कुठे फेकायचा, कोणाला द्यायचा हे क्वार्टरबॅक ठरवतो. सगळा खेळ त्याच्या हातात. आमचा क्वार्टरबॅक डेकोरी मेबरी, वर्लनच्याच गल्लीतला. उभ्या जागेवरून असा नेमका चेंडू फेकायचा की बघत राहावं. पळायला मात्र म्हैस बरी. बाप गेल्यावर त्याला गाडी चालवायला वर्लननंच शिकवलेलं. तोच आता कॉलेज सोडून निघाला होता.

वर्लन पीच पाय, म्हणजे पीच भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन डेकोरीच्या आईकडे गेला. मलाही ओढून नेलं.

"मिस लव्होनिया, पोराला जरा थांबायला सांगा. कोच नवा आहे, कळेल त्याला हळूहळू."

"मिस्टर वर्लन, त्यानं माझ्या पोराला तोंडावर सांगितलं, तुला जागा नाही म्हणून. आता काय करावं त्यानं? बाकावर बसून टाळ्या वाजवाव्या?"

डेकोरी दारात उभा होता. "मला कुठं जायचंय, सर," तो म्हणाला. "पण खेळायचंय."

पीच पायची थाळी टेबलावर ठेवून आम्ही निघालो.

त्याच आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये नव्या कोचसाठी जेवण होतं. ट्रकमध्ये वर्लननं काय बोलायचं ते माझ्यासमोर घोकलं. 'कोच, तुमचं चुकतंय असं नाही, पण या पोराला एकदा खेळवून बघा.' रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर रेडिकनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमच्यासारख्या माणसांवर ही टीम उभी आहे."

"येस, सर," वर्लन म्हणाला. मागच्यांनी रेटलं आणि तो बाजूला झाला.

परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता म्हणाला, "माणूस वाईट नाही रे तो. तेच तर अवघड आहे."

डेकोरी अलाबामातल्या एका कॉलेजात गेला. ऑक्टोबरमध्ये ती टीम आमच्याच मैदानावर आली. रेडिकनं आणलेला पळणारा क्वार्टरबॅक धडपडत होता, आणि समोरून डेकोरी चेंडूवर चेंडू फेकत होता. एक तर इतका लांब आणि सुंदर गेला की वर्लन हात वर करून अर्धा उठला. मग स्वतःच्या हातांकडे बघून खाली बसला.

"काय मामला आहे, म्हातारबा?" मागून कोणीतरी ओरडलं. "कोणाच्या बाजूचे तुम्ही?"

शेवटी आमच्या दोघा धटिंगणांनी डेकोरीला आडवा केला. सगळं स्टेडियम उभं राहून आरडाओरडा करू लागलं. वर्लन बसूनच होता. "ऊठ रे," तो पुटपुटत होता. "ऊठ, बाळा."

डेकोरी उठला. त्याच्या पुढच्याच फेकीवर आम्ही हरलो.

बाहेर पाहुण्यांच्या बसभोवती पोलिसांनी दोर बांधला होता. वर्लननं टोपी हलवली. डेकोरी कानात काहीतरी घालून, मान खाली घालून चढला. त्यानं पाहिलं की नाही, देव जाणे.

मी वर्लनला घरी सोडलं. नदीन ओट्यापाशी उभी होती.

"लागलं का पोराला?"

"नाही. बराय."

"हरलात ना?"

"हो." तो खुर्चीत बसला, बुटांसकट. मग म्हणाला, "रेडिकला अजून एक वर्ष द्यायला हवं."

"दे की," नदीन म्हणाली. "सगळं तुझ्याच तर हातात आहे."