मास्टरांनी माघारी घेतलेलं मत

नसीमाचा फोन आला तेव्हा मी अंगणातल्या झाडांना पाणी घालत होतो. नसीमा म्हणजे इस्माईल मास्टरांची सून, एरवी माझ्याशी दोन शब्द बोलायलाही लाजणारी. "गुरुजी, अब्बा गेले. चहा मागितला होता, मी घेऊन येईपर्यंत..." एवढंच बोलली. मी नळ बंद केला, पायरीवर बसलो आणि त्या क्षणी माझ्या मनात जे पहिल्यांदा आलं ते लिहायला आज दीड महिन्यानंतरही संकोच वाटतो. मला हायसं वाटलं. बरं झालं, सांगून टाकलं, वेळेत सांगितलं... रडू नंतर आलं, दारात त्यांच्या चपला बघून. पण आधी सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. असं का वाटलं ते सांगायचं तर मास्टर कोण होते इथून सुरुवात करायला हवी.

उमरग्यात एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला मास्टरांचं शिलाईचं दुकान होतं. शर्ट-पँट तर ते शिवतच, पण गावाला त्यांची खरी गरज शनिवारी लागायची. शुक्रवारी टॉकीजला नवा पिक्चर लागला की पहिला खेळ मास्टरांचा. शनिवारी सकाळपासून लोक दुकानात यायचे, कुणी बटण लावायला, कुणी उगाच काज उसवलंय म्हणून, आणि काम होईपर्यंत हळूच विचारायचे, "मग मास्टर, जावं का?" हिंदी, मराठी, कानडी, तेलुगू, सगळ्या भाषांतले पिक्चर आमच्याकडे लागायचे आणि मास्टर सगळ्यांना एकाच नजरेनं बघायचे, ती म्हणजे शिंप्याची नजर. "कापड भारी हाय, शिलाई बेक्कार," असं म्हणाले की समजायचं, गोष्ट चांगली पण दिग्दर्शकानं वाट लावली. एका पिक्चरमध्ये दुष्काळातला शेतकरी छाती पिटून रडतो, सगळं थिएटर हुंदके देतंय, आणि मास्टर माझ्या कानात म्हणाले, "गुरुजी, बंडीची घडी बघा. आजच पिशवीतून काढलीया." माझं रडू तिथंच आटलं. मी त्यांच्यावर चिडलोही होतो त्या दिवशी, पण पुढे त्या नटाचं रडणं मला कधी खरं वाटलं नाही.

मालिकांचं युग आलं, टॉकीजचं मंगल कार्यालय झालं, तरी मास्टरांची मतं बंद पडली नाहीत. घरात झोपतानाही पैठणी नेसणाऱ्या सासवा त्यांना अजिबात सहन व्हायच्या नाहीत. "या बायका कूस कशी बदलत असतील, जरीची टोचनी लागत न्हाय व्हय?" असं ते गंभीरपणे विचारायचे. पण त्यांचा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. मालिकेत आपल्याकडची बोली बोलणारा एखादा माणूस आला की तो हमखास गडी असणार किंवा वेडगळ असणार, हे त्यांनी माझ्या किती तरी आधी ओळखलं होतं. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. "आपल्या हिकडं डाक्टर न्हायत व्हय गुरुजी? वकील न्हायत? प्रेम करनारी मानसं न्हायत?" असं ते विचारायचे. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, एकदा दिलेलं मत त्यांनी जन्मात बदललं नाही. सगळा तालुका एका पिक्चरच्या नादी लागला होता, तेव्हाही मास्टर एकटे म्हणत राहिले, "मापात न्हाय." लोक हसले, पण त्यांच्या शब्दाची किंमत कमी झाली नाही. तो शब्द हीच त्यांची इस्टेट होती म्हणा ना.

पुढे त्यांचे कान गेले. आधी एक, मग दुसरा. मुलानं कानात घालायचं मशीन आणलं, त्याची शिट्टी वाजायची म्हणून मास्टरांनी ते बटणांच्या डब्यात टाकून दिलं. त्यांच्या बीबी आधीच वारल्या होत्या, मुलगा ट्रकवर, महिन्यातले पंधरा-वीस दिवस बाहेर. घरात सून आणि सासरे. दुकान बंद झालं होतं. मी निवृत्त माणूस, संध्याकाळी मोकळाच. मग असं ठरलं, म्हणजे ठरवलं कुणीच नाही, पण सात वाजता मी त्यांच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायचो आणि मालिकेतलं प्रत्येक वाक्य त्यांच्या उजव्या कानात ओरडून सांगायचो. बघणारे ते आणि ऐकणारा मी, असे आम्ही दोघं मिळून एक प्रेक्षक झालो होतो.

आणि तिथं मी घोटाळा केला. एका संध्याकाळी मालिकेतला मुलगा म्हाताऱ्या बापाला म्हणाला, "तुमचा आता काही उपयोग नाही, नुसते बसून खाता, निदान कोपऱ्यात गप्प तरी पडून राहा." आत नसीमा भाकरी थापत होती. खाटेवर मास्टर माझ्या तोंडाकडे बघत होते. हे वाक्य त्यांच्या कानात, त्यांच्याच घरात, ओरडून सांगणं माझ्या जिवावर आलं. मी ओरडलो, "तो विचारतोय, बाबा, तुम्ही जेवलात का?" मास्टरांनी पडद्यावरच्या त्या पोराकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "जेवलात का इचारायला असं तोंड कशाला केलंय ह्यानं? काम येत न्हाय ह्याला." मला हसू आवरेना. पण एकदा खोटं बोललो आणि त्याची सवय लागली. त्या मालिकेत रोज कुणीतरी कुणाला तरी घालून-पाडून बोलायचं आणि मी रोज त्याचं गोड करून सांगायचो. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजाही यायला लागली होती. घरून निघतानाच मी मनात दोन-चार वाक्यं जुळवून ठेवायचो. थोड्याच दिवसांत मास्टरांनी निकाल दिला, "लई वर्सांनी कुनीतरी अक्कल लावून लिवायलंय. पर नट समदे बेक्कार. गोड शब्दाला कडू तोंडं करत्यात." चहा घेऊन आलेली नसीमा कपबशी ठेवता ठेवता ओढणीआड हसली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा बघायची, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

हे घरातल्या घरात राहिलं असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो. पण मास्टरांनी ते मत गावाला सांगितलं. सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात ते चहाला जायचे, मीही सोबत असायचो. तिथं त्यांनी त्या मालिकेच्या लेखकाचं असं काही कौतुक केलं की दोन-चार जणांनी त्यांच्या शब्दावर ती बघायला घेतली. आठवडाभरानं किराणा दुकानवाले महादप्पा टेबलाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्टर, तुमी म्हनलाव म्हनून बघितलं. पोरगं बापाला घराभाईर व्हा म्हनायलंय, आन तुमी म्हनता लई मायाळू लिवलंय! आता पुरं करा, वय झालं तुमचं." हॉटेल हसलं. वाईट मनानं नाही, पण हसलं. मास्टरांना शब्द कळले नाहीत, हसणारी तोंडं तेवढी दिसली. ते माझ्याकडे वळले. "काय म्हनायलेत, गुरुजी?" आणि मी त्यांच्या कानाला अगदी तोंड लावून म्हणालो, "तुमचं बरोबर आहे म्हणतात." मास्टर खूश होऊन सगळ्यांकडे बघत हसले. ते हसू मी विसरू शकत नाही. चाळीस वर्षांत कमावलेला त्यांचा शब्द मी माझ्या भिडस्तपणापायी घालवला होता, आणि तो गेलाय हे त्यांना कळूही देत नव्हतो.

पुढचे काही दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सांगायचं तर कसं? बहिऱ्या माणसापुढे कबुली द्यायची म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकवायची. शेवटी मी फुलस्केपच्या दोन पानांवर सगळं लिहिलं, हॉटेलातलं वाक्यसुद्धा, आणि एका संध्याकाळी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, पुन्हा वाचली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. "आज सिरियल न्हाय बघायची. जावा तुमी." मी आलो. दुसऱ्या दिवशी बोलावणं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी सातच्या सुमाराला घरात नुसता येरझाऱ्या घालायचो, आता या वयात नवा मित्र कुठून आणायचा, असं मनात यायचं.

चौथ्या दिवशी सकाळी मास्टर स्वतः माझ्या दारात उभे. दम लागला होता, पाय सुजलेले दिसत होते. आत या म्हटलं तर म्हणाले, "बसायचं न्हाय. हाटेलात चला." वाटेत एकच बोलले, "त्या पोराला म्या इतके दीस नावं ठिवली, गुरुजी. त्याचं काम चांगलं व्हतं. जे बोलत व्हता तसंच तोंड करत व्हता." म्हणजे चार दिवस माणूस याच गोष्टीवर झुरत होता! हॉटेलात गेल्यावर ते बसले नाहीत. महादप्पांच्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "त्या सिरियलीचं म्या बोललो ते माघारी घेतो. लिवनारा बेक्कार हाय. पोरगं झ्याक काम करतंय. माझी ऐकन्यात चूक झाली." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. महादप्पा उठून उभे राहिले, "अहो मास्टर, बसा की," म्हणत स्वतःची खुर्ची पुढे केली आणि चहा सांगितला. कुणी हसलं नाही. मला बाहेर येऊन मोरीपाशी तोंड धुवायला लागलं.

परत येताना ते माझ्या खांद्याला धरून चालत होते. मी त्यांच्या कानात ओरडलो, "मास्टर, चुकलं माझं." ते म्हणाले, "व्हय, चुकलंच." आणि थोडं चालून, "पर तुमचं बी लिवनं धड न्हाय, गुरुजी. तुमच्या सिरियलीत कुनी भांडतच न्हाय. मंग मानसं रडत्यात कशाला?" मी रस्त्यातच खळखळून हसलो. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली होती. त्या दिवसापासून नवा कायदा झाला, आधी मालिकेतलं खरं वाक्य सांगायचं आणि मग माझं. मास्टर दोन्ही ऐकून निकाल द्यायचे. खरं बहुतेक वेळा कडू असायचं, ते ऐकून मास्टर मान हलवायचे आणि म्हणायचे, "आता तुमचं सांगा." असे तीन आठवडे मिळाले. फार नाहीत, पण त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं, आणि म्हणून नसीमाचा फोन आला तेव्हा माझ्या डोक्यावर काही ओझं उरलं नव्हतं.

मास्टरांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेह्याला, म्हणजे त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, गेलो होतो. पाहुणे पांगले, मी खुर्चीत बसून राहिलो. खाटेवर धुतलेली चादर घातलेली होती. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले तशी नसीमा आतून आली आणि तिनं टीव्ही लावला. तिचे कान चांगले तिखट आहेत, टीव्हीचा आवाजही नेहमीएवढाच होता. पडद्यावर तो मुलगा बापावर ओरडला, "बाबा, आता या घरात तुमची जागा फक्त ती खोली!" बाप खाली मान घालून बसला, एक शब्द बोलला नाही, आणि तेवढ्यात जाहिराती लागल्या. नसीमा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, "हे झालं त्येंचं. आता तुमचं सांगा, गुरुजी."

मी गोड काहीतरी जुळवायला लागलो आणि थांबलो. मग त्या गप्प बसलेल्या बापाच्या वतीनं, खाटेकडे तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोललो, "आरं, माझं माप घ्यायला तू कवा शिकलास? घर माझं हाय. म्या पाय पसरून बसनार!"

नसीमा हसत हसत रडली. मग ओढणीनं डोळे पुसून म्हणाली, "अब्बा म्हनले असते, आता भांडायलेत गुरुजी." जाहिराती संपल्या होत्या. मी खुर्ची जरा पुढे ओढली, पुढचं वाक्य नीट ऐकू यावं म्हणून.