रागिणीची किल्ली

आमच्या खेडेवजा गोरेगावात माझं शिलाईचं दुकान आणि रागिणीचं ऑनलाइन फॉर्मचं, भिंतीला भिंत लागून. रागिणी छत्तिशीची, नवऱ्याला सोडून आलेली, पण रडत बसणारी नव्हे. अर्ध्या पंचक्रोशीचे पासवर्ड तिच्या वहीत. लोकच म्हणायचे, "बाई, तुमच्यापाशीच राहू द्या."

दुपारी बाजार थंडावला की ती शटर अर्धं खाली ओढायची. आत काय चालतं ते तिने मला एकदा सरळ सांगितलं. संगणकावर एक खोटं जग असतं, माणसं त्यात बाहुली होऊन फिरतात. रागिणीची बाहुली तिथे कैदी व्हायची. त्यासाठी खास सॉफ्टवेअर होतं. त्याची किल्ली, म्हणजे बाहुलीचा ताबा, ज्याच्या हाती तो बाहुलीचे हात बांधायचा, बोलणं बंद करायचा, पडदासुद्धा काळा करायचा. सगळं दोघांच्या राजीखुशीने. 'थांब' लिहिलं की सुटका. तरी नाहीच सुटलं, तर साध्या सॉफ्टवेअरमधून आत जायचं, तिथे बंधनं चालतच नाहीत.

"अगं, यात सुख कसलं?" मी विचारलं.

"दिवसभर सगळ्यांचं मीच ठरवते, मीना. दोन घटका दुसऱ्यानं ठरवलं की डोकं हलकं व्हतं."

मला आधी हसू आलं, मग पटलं. कोणाच्या बापाचं काय जातं?

किल्लीवाला स्वतःला पुण्याचा म्हणवायचा. वर्षभर शब्दाला जागला. मग म्हणाला, बाहुलीला नवे कपडे चढवतो, पासवर्ड दे. हिने दिला! जिच्या वहीत शंभर जणांचे पासवर्ड, तिला त्यात वावगं काय वाटणार? मी कडाकडा भांडले. तिची आई सखुबाई साखऱ्याला शेळ्या पाळते. शेळी विकली तरी गळ्यातलं दावं सोडून घरी आणते. "जनावर द्यावं, दावं देऊ न्हाई," म्हणते. आणि तिची लेक दावंच देऊन बसली.

मंगळवारी त्याने न विचारता किल्ली एका तिऱ्हाइताला दिली. रागिणीने 'थांब' लिहिलं. पुन्हा लिहिलं. पडदा काळा झाला. तिने सगळं बंद करून साधं सॉफ्टवेअर उघडलं, तर पासवर्ड चुकीचा; त्याने तो बदलला होता. ती मला हाताला धरून आत घेऊन गेली.

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. 'अजून शटर अर्धंच काहून?' 'का' न म्हणता 'काहून', हे बोलणं पुण्याचं नव्हे, आमच्याच भागाचं.

शटरखाली दोन चपला थांबल्या होत्या. आम्ही त्या चपलांकडे बघत राहिलो. मग शटर वर सरकलं आणि शेतकरी शेषरावकाका वाकून आत आले.

"विम्याचं बघायचं व्हतं, लेकी. पासवर्ड तुझ्यापाशीच हाय ना?"

काकांना नंबरही लावून द्यावा लागतो, हे मला ठाऊक. मेसेज त्यांचा नव्हे. मी बाहेर नजर टाकली. त्यांच्यामागे जीपची वाट बघणारी वीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

रागिणीने वहीतलं पान फाडलं. "काका, हे आता तुमच्यापाशीच ठेवा. कुनालाच देऊ नका. मलाबी न्हाई."

"मला कुठं वाचता येतं, बाई?" काकांनी कागद पुन्हा तिच्याच हातात ठेवला.

मोबाइल वाजला. 'काकाचं काम करून दे ना. थांबली काहून?'