आधीच्या साहेबांचं टपाल

मुलांनो,

तुमची आई फोनवर म्हणाली, ते सगळे कागद आता एकदाचे रद्दीत देऊन टाक. तिचं बरोबर आहे. हे घर सोडून मी लहान फ्लॅटमध्ये जाणार आहे आणि तिथे एका कपाटापलीकडे जागा नाही. म्हणून गेला आठवडाभर जमिनीवर बसून कागद लावते आहे. लावता लावता आलापल्लीचा एक हिवाळा सारखा समोर येतो. तो पाहिलेलं माणूस आता मी एकटीच उरले, म्हणून तुम्हाला लिहिते.

ऐंशीच्या दशकात तुमच्या आजोबांची आलापल्लीला बदली झाली. वन खात्याचं क्वार्टर, मागे सागवान, पुढे लाल मातीचा रस्ता. आजोबा महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर असत. तुमची आई नागपूरला वसतिगृहात होती. तिची पत्रं बाबांच्या नावाने येत. शेवटच्या ओळीत 'आईला नमस्कार' असे. मी इंग्रजीत एम.ए. केलं होतं आणि तिथे दिवसभर माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं.

मग मी घर लावायला घेतलं, आणि घरात लावण्यासारखं सर्वांत जास्त काही होतं तर ते कागद. बदलीचे हुकूम, विम्याच्या पावत्या, जुने दिवाळी अंक, सगळं एका पेटीत कोंबलेलं आणि तळाला वाळवी लागलेली. खात्याच्या लाकूड डेपोतल्या सुताराकडून सागाच्या उरलेल्या फळ्यांची एक कप्प्यांची मांडणी करून घेतली आणि ती भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली. घरचं, ऑफिसचं, पावत्या, मासिकं असे कप्पे केले. शेवटच्या कप्प्यावर लिहिलं, 'आधीचे साहेब'.

हा कप्पा लागलाच असता. त्या भागात लोक पत्त्यावर नाव लिहीत नसत. 'जंगल साहेब, आलापल्ली' एवढं लिहिलं की पत्र पोचे. साहेब बदलत, क्वार्टर तेच राही. त्यामुळे कधी बदलून गेलेल्या साहेबांना आलेली लग्नपत्रिका, कधी कुणाच्या भाच्याची चौकशी, असं सगळं आमच्या दारात येऊन पडे. मी वाचून, विचारपूस करून, पत्ता खोडून पुढे पाठवत असे.

त्यात महिन्याकाठी एक पोस्टकार्ड येई. ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातून, आमच्या आधीच्याच साहेबांच्या आईचं. तिला लिहिता येत नव्हतं. दर वेळी अक्षर वेगळं. जो सापडेल त्याच्याकडून लिहून घेत असावी. वर 'जयभीम' लिहिलेलं असे. माझ्या माहेरच्या पत्रांवर असायचं तसंच. खाली धान कसा आहे, म्हैस व्याली का, गुडघा किती दुखतो, आणि शेवटी, तू काऊन लिहीत नाई. मुलगा बदलून सिरोंच्याला गेला होता. मी कार्ड तिकडे पाठवत असे. पण पाठवण्याआधी एक दिवस ते कप्प्यात राहू देत असे आणि येता-जाता वाचत असे. घरात दुसरं कुणी म्हशीबद्दल, गुडघ्याबद्दल बोलत नव्हतं.

वर्ष होत आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की कार्डं अजून आमच्याच पत्त्यावर येतात, म्हणजे मुलाने तिला बदलीचंसुद्धा कळवलेलं नाही. त्याने आईला टाकलं की काय, हा प्रश्न मग मला सोडेना. पण हे कार्डावर लिहून कळवायचं कसं? तिथे ते कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार.

त्या हिवाळ्यात कार्ड आलं की धान निघाला, आता भेटायलाच येते. आणि त्याच्या मागोमाग पुढच्याच बसने ती आली. बारीक, ताठ बाई, डोक्यावर गाठोडं. माझ्याकडे बघून म्हणाली, "सून करून घेतली आन् मले सांगतलं नाई?" मग माझे पांढरे केस दिसले तेव्हा स्वतःच हसली.

मी पाणी दिलं आणि तिच्या मुलाची बदली झाल्याचं सांगितलं. ती पाण्याचा पेला हातात धरून ऐकत राहिली.

"मंग माहे कार्डं कोन वाचे?"

"मी वाचत होते, मावशी. वाचून त्यांच्याकडे पाठवत होते."

"वाचलं तं जवाब काऊन नाई धाडला?"

मी म्हटलं, पत्र माझ्या नावाचं नव्हतं.

"नाव तं कोनाचंच नोहतं त्याच्यावर. साहेब लिवलं होतं." पाणी पिऊन तिने पेला खाली ठेवला. "जाऊ दे. कोनी तरी वाचून राह्यलं होतं, हे बरं झालं."

ऑफिसातून सिरोंच्याला निरोप गेला. उत्तर आलं नाही. मी सारखी रस्त्याकडे बघत होते. ती बघत नव्हती. तिने गाठोडं सोडलं. मुलासाठी आणलेली लाखोरीची डाळ आणि जवसाची चटणी होती. तिने त्यातली अर्धी काढून माझ्या डब्यात ओतली. मी नको म्हटलं तर म्हणाली, तो आला नाही तर उरलेली पण तुझीच. संध्याकाळी माझ्या मांडणीपुढे उभी राहून तिने विचारलं, यातला तिचा कप्पा कोणता. मी दाखवला. तिने हात घालून पाहिला. तो रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाकडाच्या ट्रकमधून तो उतरला. दाढी वाढलेली, नजर खाली. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, पण त्याला पाहून जमलं नाही. कार्डं सगळी मिळाली म्हणाला. पहिल्याचं उत्तर राहिलं, मग दुसऱ्याला काय लिहायचं ते सुचेना, आणि तिसरं आल्यावर तर लाजच वाटायला लागली.

"लिवनारच होतो, माय."

"लिवशील मंग. आता बस आन् जेव."

तिने त्याला वाढलं, बाजूला बसून तो जेवेपर्यंत हलली नाही. त्याच ट्रकने ती त्याच्याबरोबर सिरोंच्याला गेली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. आत येऊन मी त्याचं ताट उचललं. आजोबा अजून दौऱ्यावरच होते.

त्यानंतर कार्डं थांबली. थांबणारच होती. तिला मुलाचा पत्ता मिळाला होता. तरी टपाल आलं की मी आधी तेच अक्षर शोधत असे, आणि अक्षर तर तिचं ठरलेलं कधी नव्हतंच.

उन्हाळ्यात एकच आलं. पत्ता होता, 'साहेबाची बाई, आलापल्ली'. लेक आता लिहितो, गुडघा तसाच आहे, तू एकटी राहतेस तर जेवत जा. मी त्याच दिवशी उत्तर टाकलं, आमचा पूर्ण पत्ता सुवाच्य अक्षरात लिहून. त्याला जवाब आला नाही. पुढे आमची चंद्रपूरला बदली झाली. क्वार्टरमध्ये आलेल्या नव्या बाईंना मी सांगून ठेवलं होतं की असं कार्ड आलं तर मला पाठवा. त्यांनी काही पाठवलं नाही. आलंच नसेल.

मांडणी चंद्रपूरच्या घरी ओल लागून खराब झाली. पावत्या, हुकूम, अंक मी काल रद्दीवाल्याला दिले. ते कार्ड ठेवलं आहे. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येतं.